ओव्याच्या वासाचं तेल

आरतीवैनींच्या कपाळावर पांढरा डाग आहे हे गावाला कळलं, ते माझ्या भावाच्या मढ्यासमोर.

दयानंददादा एसटीत ड्रायव्हर होता, नांदेड-लातूर गाडीवर. ड्यूटी संपवून घरी आला, जेवला, छातीत कळ आली म्हणाला आणि गेला. मी लातूरहून पोचेपर्यंत लोहा तालुक्यातल्या आमच्या त्या गावातल्या झाडून साऱ्या बायका अंगणात जमल्या होत्या. आमच्याकडं बायकांना रडण्याआधी दुसरं काम असतं. एका चुलतीनं वैनींच्या बांगड्या फोडल्या. दुसरीनं कपाळावरची टिकली नखानं ओढून काढली आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. टिकली निघाली होती, पण तिच्या जागी तेवढीच गोल, पांढरीफट्ट दुसरी टिकली होती.

"अगं माय, कोड!" कुणीतरी म्हणालं.

माझा भाऊ तिथं आडवा पडला होता आणि साऱ्या माना त्याच्या बायकोच्या कपाळाकडं वळल्या. मी तोंडाला येईल ते बोलले. रेणुका मयतीत भांडली, असं गावात अजून सांगतात. सांगोत बापडे. वर्षभर आधीच आमच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. त्या फोटोत टिकली ओढणारी चुलती पहिल्या रांगेत हसून उभी आहे.

दिवस झाल्यावर मी वैनींना लातूरला घेऊन आले आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी दिव्याखाली धरून कपाळ बघितलं आणि विचारलं, "टिकली कधीपासून लावता?"

"लगीन झाल्यापासून," वैनी म्हणाल्या. "त्याच्या आधीबी."

"एकाच जागी?"

"मंग कपाळ काय दोन हायेत का, बाई?"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, हे कोड नाही. टिकलीमागचा गोंद काहींच्या कातडीला मानवत नाही, रंग खाऊन टाकतो. अंगभर पसरणार नाही, दुसऱ्याला लागणार नाही, लेकराबाळांना येणार नाही. टिकली बंद ठेवा, मलम लावा, उशीर लागेल, पण रंग परत येण्याची आशा आहे.

बाहेर आल्यावर वैनी दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या. डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो बाजरीएवढा होता म्हणे. तो झाकायला त्यांनी मोठी टिकली लावली. डाग वाढला, म्हणून आणखी मोठी. रोगच औषध म्हणून लावत राहिल्या बिचाऱ्या. दादाला तेवढं ठाऊक होतं. "चल, दाखवून येऊ," तो म्हणायचा. पण दाखवायचं म्हणजे चारचौघांत टिकली काढायची, आणि नवरा जिवंत असताना रिकाम्या कपाळानं बाहेर पडायचं कसं? शेवटी नवरा गेला तेव्हा दवाखाना झाला.

"ते असते तर आज लई हसले असते," वैनी म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

वैनी गावी परतल्या, मलम सुरू झालं. सकाळी कोवळ्या उन्हात बसायचं, तेही सुरू झालं. एक दिवस वैनींनी मला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल कपाळाला भिडवला आणि म्हणाल्या, "बघा, रेणुकाताई, दिसून राहिलं का काही?" मला आधी नुसता अंधार दिसला. मग मोबाईल जरा लांब धरल्यावर पांढऱ्या डागाच्या कडेला मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसले. रंग परत यायला लागला होता. मी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या जागी हात जोडले.

त्याच सुमारास ऋतुजाला स्थळ आलं. ऋतुजा म्हणजे दादा-वैनींची एकुलती एक लेक. नांदेडला होस्टेलवर राहून बी.फार्मसी करत होती. स्थळ आणलं वैनींच्या भावानं, भोकरच्या रामकिशनमामानं. मुलगा अमरनाथ, आमच्या लातूरचा, एका खाजगी पॉलिटेक्निकात शिकवायचा. माणसं चांगली, घर आपलं. ऋतुजानं मुलाशी बोलून घेतलं, तिलाही आवडला. दादा गेल्यापासून वैनींनी आयुष्याकडं एकच गोष्ट मागितली होती, की पोरगी चांगल्या घरी पडावी. ती गोष्ट दारात येऊन उभी राहिली.

रामकिशनमामा म्हणाला, "त्यांनी बाकी काही विचारलं न्हाई. एकच विचारलं, घराण्यात कोडबिड न्हाई ना म्हून."

"मंग तू काय सांगितलास?" वैनींनी विचारलं.

"न्हाई म्हणून सांगितलं. खोटं थोडंच हाय? पण आक्का, तुझं कपाळ बघून कोण इचारत बसतंय डॉक्टरला? रविवारी येऊन राहिलेत ते. तेवढं झाकून घे."

झाकायचं कशानं? टिकलीनं झाकावं तर नवरा मेला तरी नटते म्हणतील. उघडं ठेवावं तर कोड म्हणतील. आपल्या लोकांनी बाईच्या एवढ्याशा कपाळावर किती कायदे लिहून ठेवलेत, बघा. मी फोनवर म्हणाले, "वैनी, मी सांगते त्यांना. डॉक्टरीणबाईंनाच आणून उभं करते वाटल्यास."

"न्हाई, न्हाई. तुमी बोललात की भांडण होतंय," वैनी म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

आता त्या तेलाचं सांगते. होस्टेलवर पोरींना गजकर्णानं पिडलं होतं, ऋतुजाच्याही कमरेला चट्टा उठला होता. तिनं डॉक्टरचं मलम आणलं आणि मोबाईलवर कुठंतरी बघून ओरेगॅनोचं तेलही मागवलं. पिझ्झ्यासोबत हिरव्या चुऱ्याची पुडी येते ना, त्याच झाडाचं तेल. बोटभर काळी बाटली. चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब टाकून ती लावायची. चट्टा गेला. मलमानं गेला की तेलानं, हे फार्मसी शिकूनही तिला सांगता येत नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं हे सगळं कौतुकानं आईला सांगितलं आणि परत जाताना बाटली न्हाणीतल्या फळीवर विसरून गेली.

रविवार जवळ आला तशी वैनींना ती बाटली आठवली. पोरीचा चट्टा गेला, तर आपला का जाणार नाही? बूच काढून त्यांनी वास घेतला. ओवा! थेट ओव्याचा वास. आणि तिथंच त्या बिनधास्त झाल्या. ओवा म्हणजे आमच्या घरातलंच माणूस. बाळंतिणीला ओवा, तान्ह्याच्या पोटाला ओव्याचा शेक, सर्दीला ओव्याची पुरचुंडी. ओव्यानं कधी कुणाचं वाईट केलंय? लेकीचं खोबरेल तेल आणि दोन थेंब त्यांनी निकालात काढले. बाटली पुरवून वापरावी म्हणून तसं सांगत असतील, असं त्यांना वाटलं. आम्हाला असंही पक्कं वाटत आलंय, की झोंबलं तर ते औषध, न झोंबलं तर पाणी.

दुपारची भांडी आवरल्यावर त्यांनी कापसाचा बोळा त्या तेलात चिंब भिजवला, कपाळावर ठेवला आणि वरून फडकं घट्ट बांधलं. आग झाली. गुण येतोय म्हणत त्या गहू निवडत बसल्या. डोळ्यातून पाणी गळत होतं, तेल भुवईपर्यंत ओघळत होतं, आणि ही बाई गहू निवडत होती. शेजारच्या धोंडाबाईनं विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय. दिवेलागणीला फडकं सोडलं तेव्हा कापसाबरोबर कातडी आली.

मला कळलं ते दोन दिवसांनी, तेही ऋतुजाकडून. मी तशीच गाडी करून गेले आणि त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाईंनी दिवा जवळ ओढून जखम बघितली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ओवा वेगळा आणि हे तेल वेगळं. पोतंभर पाल्याचा जोर या एवढ्या बाटलीत असतो. नुसतं लावलं की भाजतं."

"पण ते ठिपके?" वैनींनी विचारलं. "यायले होते ना ठिपके?"

ठिपके राहिले नव्हते. जखम भरल्यावर केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत कातडी पांढरी पडेल, तिचा रंग परत येईल की नाही हे आज सांगता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. वैनींनी मान डोलावली. दुकानात माल संपलाय म्हटल्यावर गिऱ्हाईक डोलावतं तशी. मला रडू आवरेना. त्याच माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी नका रडू. माझ्या कपाळाचं काय घेऊन बसलात? पोरीचं कपाळ बघा."

घरी आल्यावर त्यांनी ऋतुजाला समोर बसवलं. "ह्या कपाळाचा एक शब्द तिकडं काढलास, तर तुला तुझ्या पप्पाची शपथ."

"आई, अगं पण त्यांना खरं सांगितलं तर..."

"शपथ हाय."

मग माझ्याकडं वळल्या. "तुमालाबी. तुमच्या भावाची." मी देवाधर्माच्या शपथा मानत नाही, पण दादाचं नाव घेतलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

रविवारी पाहुणे आले. वैनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. पोहे त्यांनी केले, चहा त्यांनी केला, आणि नेऊन दिला मी. रामकिशनमामानं सांगितलं, "आक्का अजून दुःखातून सावरली न्हाई, पुढं येत न्हाई." अमरनाथची आई, शिवम्मा नावाची, उदगीरकडची बाई. ती म्हणाली, "असू द्या. जुन्या वळणाच्या दिसतात." जुनं वळण! आत चुलीपाशी भाजलेलं कपाळ घेऊन बसलेल्या बाईला बाहेर जुन्या वळणाची शाबासकी मिळत होती. मी चहाचा ट्रे जरा आपटूनच ठेवला.

स्थळ जुळलं. साखरपुडा झाला, वैनी आजारी होत्या. बस्ता झाला, वैनींना बाहेर पडवत नव्हतं. जखम भरली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. अर्धं कपाळ पांढरं, त्याला काळी कड. वैनींनी आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. ऋतुजा सुट्टीत आली की आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि खालून त्या कपाळाकडं बघत राहायची. वैनी तिचे डोळे तळहातानं झाकायच्या.

लग्न लातूरला कार्यालयात होतं. वैनी पहाटे सगळ्यांच्या आधी आल्या आणि सरळ कोठीच्या खोलीत गेल्या. लाडूंची टोपली, नारळाची पोती, पत्रावळ्यांचे गठ्ठे, आणि मध्ये पदर नाकापर्यंत ओढलेल्या त्या. दिवसभर तिथून हलल्या नाहीत. कुणी विचारलं तर कोठी सांभाळायला भरवशाचं माणूस लागतं, असं मी सांगत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी अक्षतांची वाटी घेऊन आत गेले. भोंग्यातून आवाज येत होता. प्रत्येक "सावधान"ला वैनी भिंतीच्या दिशेनं चिमूटभर अक्षता टाकत होत्या. भिंतीपलीकडं मांडव होता.

"कशी दिसून राहिली ओ?" त्यांनी विचारलं.

"दादासारखी," मी म्हणाले. खरंच तशी दिसत होती.

निघायची वेळ झाली. पोरीला सासरी वाटे लावताना मायनं ओटी भरायची, ही आमची रीत. विधवेनं भरायची नाही, हीसुद्धा आमचीच रीत. ओटीचं सगळं वैनींनीच बांधून ठेवलं होतं. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. ते माझ्या हातात देऊन त्यांनी कोठीचं दार आतून लावून घेतलं. मी मांडवात गेले तर ऋतुजानं पदर पुढं केलाच नाही.

"आत्या, तू न्हाई," ती म्हणाली. "आई भरंल."

"आई घरी गेली गं, डोकं..."

"कोठीत हाय ती. मला माहीत हाय."

आणि ती भरल्या मांडवातून शालू सावरत निघाली. मुंडावळ्या तशाच. मागे अमरनाथ, त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे अर्धं वऱ्हाड. कोठीच्या दाराशी जाऊन तिनं कडी वाजवली.

"आई, दार उघड. ओटी भर माझी."

दार उघडलं नाही. दाराखालच्या फटीत मात्र पावलांची सावली दिसत होती. वैनी दाराला अगदी लागून उभ्या होत्या.

"आई, म्या सांगितलंय त्यांना. साखरपुड्याच्या आधीच सांगितलंय. टिकलीचं, तेलाचं, सगळं. पप्पाची शपथ मोडली म्या, म्हणून तुला बोलले न्हाई. उघड ना, आई."

हे मलाही ठाऊक नव्हतं. अमरनाथ पुढं झाला. "मामी, हाव, मला माहीत हाय. आईलाबी माहीत हाय. या ना बाहीर."

पावलांची सावली हलली. मला वाटलं, आता कडी निघणार. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं? नवरीची माय आत कामून बसली?" आणि सावली पुन्हा स्थिर झाली.

"ऋतू," आतून वैनींचा आवाज आला. किती दिवसांनी मी त्यांना तिला ऋतू म्हणताना ऐकलं. "मला बाहीर काढायला खोटं बोलू नको, माय. जमलेली सोयरीक हाय. जा तू. चांगल्या येळेला माझं कपाळ नको मधी."

"खोटं न्हाई गं, आई! तुझी आण!"

"जा म्हणते ना."

मी दारावर दोन्ही हातांनी बडवलं. "वैनी, उघडा! पोरगी खरं बोलून राहिली! तुमाला तुमच्या नवऱ्याची शपथ!" मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. मागच्या माणसांना शिव्याही दिल्या असतील. कडी निघाली नाही. वैनींच्या ओठांवर आयुष्यभर एकच प्रश्न राहिला होता, लोक काय म्हणतील. आणि ते लोक सगळेच्या सगळे दाराबाहेर उभे होते.

ऋतुजा आधी हाका मारत होती, मग नुसती हुंदके देत होती. ती खाली बसली आणि तिनं त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. अमरनाथ तिच्या शेजारी वाकला आणि त्यानंही टेकलं. मग ऋतुजानं माझ्यापुढं पदर धरला. मी त्या दारासमोरच तिची ओटी भरली. भरता भरता अर्धे गहू फरशीवर सांडले.

गाडी निघता निघता शिवम्मानं मला बाजूला बोलावलं. तिच्या हातात एक साडी होती, हिरवी, जरीची. "विहीणबाईंसाठी आणली होती," ती म्हणाली. "वाटलं, निघताना मीच नेसवीन अन् कुंकूबी लावीन. पोरानं सांगितलं तव्हा मी तुमच्या डॉक्टरणीकडं जाऊन विचारून आले, खोटं कशाला बोलू? पण आले विचारून. आज त्या बाहीर आल्या असत्या तर बरं झालं असतं ओ."

एवढं बोलून ती गाडीत बसली. ऋतुजा काचेतून कार्यालयाच्या दाराकडं बघत होती, गाडी वळेपर्यंत बघत होती.

मी साडी घेऊन कोठीपाशी आले. म्हणाले, "वैनी, गेले सगळे." कडी निघाली. पदर खांद्यावर पडला होता, कपाळ उघडं होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"जावईबी टेकला का डोकं?" त्यांनी विचारलं. "फटीतून दोन मुंडावळ्या दिसल्या मला."

"टेकला."

मी साडी त्यांच्या हातात दिली आणि शिवम्मा काय बोलली ते सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्यांनी साडीचा काठ उलटून बघितला, सुलटून बघितला.

"म्हणजे माहीत व्हतं त्यांना," त्या म्हणाल्या. "पोरगी खरं बोलून राहिली व्हती."

"हाव, वैनी."

त्या दारातच खाली बसल्या, सांडलेल्या गव्हांवर. मी म्हणाले, अहो, आठ दिवसांनी येईल की ती माहेराला, तेव्हा पोटभर बघा, पोटभर बोला. येईल ती, येणारच आहे. पण लेक सासरी निघते ती एकदाच, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच.

"तिनं हाका मारल्या, अन् म्या दार उघडलं न्हाई," वैनी म्हणाल्या. गावाकडच्या गाडीत बसल्यावरही त्या तेवढंच म्हणत होत्या. साडी मांडीवर होती. "लेक हाका मारून राहिली अन् म्या उघडलं न्हाई, रेणुकाताई."